34 कागद, सगळे नीटनेटके

त्या सकाळी 34 पैकी 34 वेळनोंदी पहिल्या तासाच्या आत टेबलावर आल्या, तेव्हाच माझ्या लक्षात यायला हवं होतं. नववीचा वर्ग कुठलीच गोष्ट सगळीच्या सगळी वेळेवर देत नाही. महिन्याभरापूर्वीच्या पहिल्या फेरीत 21 कागद आले होते, तेही चुरगळलेले, दोघांवर पेनाची शाई सांडलेली, एकाच्या मागे अर्ध्यातच सोडलेला ड्रॅगन. या वेळी सगळे सरळ, कोपरे न दुमडलेले, मॉनिटरनं हजेरी क्रमांकानुसार लावून दिलेले.

मी शाळेत समुपदेशक आहे. माझ्याकडे मूल पाठवलं जातं ते बहुतेक वेळा काहीतरी बिघडल्यावर. बिघडण्याआधी मुलांना भेटायचं असेल तर कारण शोधावं लागतं. माझं कारण म्हणजे ही वेळनोंद. आठवडाभर, दिवसाच्या 24 तासांत काय केलं ते मुलांनीच लिहायचं.

हा कागद मी बराच काळ घासूनपुसून तयार केला आहे आणि त्याचा मला अभिमान आहे. युरोपातल्या वेळ-वापराच्या सर्वेक्षणांत 10 मिनिटांचा एक रकाना असतो, म्हणजे दिवसाला 144. नववीच्या मुलाला तेवढे भरायला दिले तर मंगळवारीच तो कागद हरवतो. म्हणून मी 15 मिनिटांचे 96 रकाने ठेवले. दिवस मात्र त्यांच्यासारखाच पहाटे 4 ला सुरू केला, मध्यरात्री नाही. मध्यरात्री दिवस तोडला तर या वयाच्या मुलांची रात्र बरोबर मधोमध कापली जाते, आणि त्यांचं खरं जगणं कित्येकदा तिथंच चालू असतं. प्रत्येक रकान्यापुढे तीन जागा: काय करत होतो, त्याच वेळी आणखी काय चालू होतं, आणि सोबत कोण.

एकच नियम: ‘मोबाइल’ हा शब्द लिहायचा नाही. मोबाइलवर काय केलं ते लिहायचं.

या एका नियमानं काय काय बाहेर आलं! पालकांच्या तोंडी जो ‘तीन तास मोबाइल’ असतो, त्यात एका मुलीचे तीन तास 15 सेकंदांच्या व्हिडिओचा ठेका जुळवण्यात गेले होते. कुठल्या तालावर दृश्य कापायचं यासाठी तिनं तो 40 वेळा पाहिला होता. एक मुलगा एका मिनिटाचे बुद्धिबळाचे डाव लागोपाठ खेळत होता. एक जण दुसऱ्याच कुणाचा गेम बघत होता आणि हातानं क्यूब सोडवत होता. क्यूब दुसऱ्या जागेत लिहिला होता, कारण त्याच्या लेखी ते ‘काही करणं’ नव्हतंच. आणि ज्या मुलाला सगळे गेमवेडा म्हणतात, त्याच्या ‘सोबत’च्या जागेत रोज तीच चार नावं. गेम नुसता चालू असतो. कानाला हेडफोन लावून ही पाच पोरं शाळेबद्दल, भांडणांबद्दल, उद्याच्या चाचणीबद्दल बोलत बसतात. त्यांचा कट्टा आता तिथं भरतो, एवढंच. शिक्षकांच्या खोलीत हे सांगितलं तर ‘म्हणजे तुम्ही गेमिंगच्या बाजूनं आहात का?’ असा प्रश्न येतो. मुलांचा वेळ म्हटलं की आमच्या लोकांना दोनच बाजू दिसतात, वाया गेलेला आणि सत्कारणी लागलेला.

मला या कामाची गोडी लागली ती शिकागो विद्यापीठातल्या मिहाय चिक्सेंटमिहाय आणि रीड लार्सन यांच्यामुळे. 1970 च्या दशकात त्यांनी हायस्कूलच्या 75 मुलामुलींना आठवडाभर पेजर दिले. दिवसात केव्हाही तो वाजायचा आणि वाजला की आत्ता काय करतोयस, कुणासोबत आहेस, कसं वाटतंय ते तिथल्या तिथे लिहायचं. मुलं सगळ्यात खुशीत सापडली ती मित्रमैत्रिणींबरोबर असताना. वाचायला साधं वाटतं. पण शाळेच्या वेळापत्रकात त्यासाठी जागा शोधून बघा.

आता त्या मुलीचा कागद. पहिल्या फेरीतला.

सोमवार ते शुक्रवार, 4:30 ते 5:30, चार रकाने, ‘घरी येणे’. तिचं घर शाळेपासून 12 मिनिटांवर आहे, हे मला माहीत होतं. नवख्या माणसानं तो प्रवास म्हणून सोडून दिला असता. पण वेळनोंद वाचणाऱ्याला एक गोष्ट हळूहळू कळते, की मुलं मोकळा वेळ मोकळा म्हणून लिहीत नाहीत. तो येण्याजाण्यात लपवतात, नाहीतर अंघोळीत. ‘सोबत’च्या जागेत दोन मैत्रिणी होत्या, आणि ‘आणखी काय चालू होतं’ मध्ये बारीक अक्षरात: गोष्ट.

मी तिला विचारलं. ती आधी घुटमळली, मग खुलली. तिघी मिळून एक गोष्ट रचतात. चालता चालता प्रत्येकीनं एक तुकडा जोडायचा. तुकडा संपेपर्यंत घराकडे वळायचं नाही, पुढच्या गल्लीला वळसा घालायचा. सहावीपासून चालू आहे. कुठंही लिहून ठेवलेली नाही. पात्रं किती ते तिलाही नक्की सांगता येईना. मेलेलीसुद्धा परत येतात म्हणाली. मला त्या दिवशी इतका आनंद झाला होता की मी तो कागद वेगळा काढून ठेवला.

आणि पालकसभेत दाखवला.

नाव झाकलं होतं. अक्षर झाकलं नव्हतं. पडद्यावर मोठ्या अक्षरात मी संयुक्त राष्ट्रांच्या बालहक्क कराराचं 31 वं कलम लावलं होतं: मुलांना विश्रांतीचा, मोकळ्या वेळाचा, खेळण्याचा हक्क आहे. त्याखाली तिचे चार रकाने. तासाभराच्या प्रवासात 48 मिनिटांची मैत्री कशी मावते ते मी पालकांना समजावून सांगत होते. त्याच 1989 च्या करारात 16 वं कलम मुलाच्या खाजगीपणाचं आहे. ते मला पाठ आहे. त्या संध्याकाळी मला ते आठवलं नाही. कागद वाटताना मी वर्गाला सांगितलं होतं, ‘हे फक्त मी वाचणार.’ तेही आठवलं नाही.

तर त्या सकाळचे 34 कागद.

पाचव्या कागदापर्यंत मला कळलं. सगळी मुलं रात्री 10 ला झोपलेली. वयात येताना शरीराचं घड्याळच पुढं सरकतं, झोप आणणारं मेलाटोनिन रात्री उशिरा स्रवू लागतं. या वयाला 8 ते 10 तास झोप लागते आणि तरी लवकर डोळा लागत नाही. महिन्यापूर्वी याच वर्गात 12:15 होते, 1 होते, ‘माहीत नाही’ होते. आता सरसकट 10. शिवाय सगळं पूर्ण तासांत: 5 ते 6 अभ्यास, 6 ते 7 वाचन, 7 ते 8 अवांतर वाचन. आणि मधली जागा, ‘त्याच वेळी आणखी काय’, 34 कागदांवर कोरी. खऱ्या दिवसात ती जागा कोरी राहत नाही. क्यूब सोडवणाऱ्यानंसुद्धा काही लिहिलं नव्हतं.

मधल्या सुट्टीत मी त्या मुलीला बोलावलं. ती बसली नाही.

‘तुम्ही दाखवलंत ना, मॅडम?’

मी हो म्हटलं. दुसरं काही म्हणायला नव्हतंच.

सभेच्या दुसऱ्या दिवसापासून बाबा साडेचारला गाडी घेऊन फाटकापाशी येतात. पाच वाजता गणिताची शिकवणी. मैत्रिणींनी वर्गात सांगितलं, आणि वर्गानं ठरवलं की मॅडमना आता काय लिहून द्यायचं. हे सांगताना तिच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला बोलायला सोपं गेलं असतं. मी विचारलं, गोष्ट कुठं थांबली आहे? पात्र पुलावर उभं आहे, म्हणाली. पुढं काय होणार?

‘ते मला एकटीला ठरवता येत नाही.’

मी वडिलांना फोन केला. भले गृहस्थ आहेत. त्यांनी माझे आभार मानले. ‘पोरीचा तास रस्त्यात जातो हे तुमच्यामुळे कळलं, मॅडम. आम्हाला वाटायचं शाळाच उशिरा सुटते.’ मी म्हटलं, तो वाया जात नव्हता. ते म्हणाले, ‘मग काय करत होत्या?’ आणि मी गप्प झाले. गोष्टीबद्दल सांगितलं असतं तर तिच्याकडचं उरलेलंही मीच देऊन टाकलं असतं. मी एवढंच म्हटलं की मैत्रिणींबरोबर चालत येणं तिच्यासाठी महत्त्वाचं आहे. ते विचार करतो म्हणाले. तीन आठवडे झाले, गाडी फाटकापाशी असते.

दुपारी वर्गावर जाऊन मी मुलांची माफी मागितली. कुणी काही बोललं नाही. गेमवाल्या मुलानं खिडकीबाहेर बघत विचारलं, ‘मग आता परत लिहायचं का?’ मी नाही म्हटलं.

उपमुख्याध्यापकांना मात्र दुसरी फेरी फार आवडली आहे. ‘बघा, एका महिन्यात केवढी सुधारणा!’ त्यांना वार्षिक अहवालात दोन्ही फेऱ्यांचे आलेख शेजारी शेजारी हवेत, आणि त्याखाली जागतिक आरोग्य संघटनेचा आकडा: 11 ते 17 वयाची 81 टक्के मुलं रोजच्या 60 मिनिटांच्या व्यायामापर्यंत पोचत नाहीत. आकडा खरा आहे, 146 देशांतल्या माहितीवरून काढलेला आहे. त्यावरून ते कवायतीचा आणखी एक तास मागणार आहेत. त्या मुलीची दिवसभरातली सगळ्यात मोठी हालचाल म्हणजे ते गल्ल्यांचे वळसे होते. हे मी त्यांना सांगायला गेले, तर ते म्हणाले, ‘तेवढं अहवालात लिहून द्या ना, चांगलं उदाहरण आहे.’

मी लिहून दिलेलं नाही. पहिल्या फेरीचे 21 कागद ज्याचे त्याला परत केले. ड्रॅगनवाल्यानं आपला कागद घेतला आणि तिथंच उभं राहून शेपटी पुरी केली. ती मुलगी त्या दिवशी गैरहजर होती. तिचा कागद माझ्या पिशवीत आहे. सोमवारी द्यायचा आहे, आणि सोमवारीच आलेखही मागितला आहे.