पाचवीच्या प्रवेशाच्या दिवशीच पालकाच्या हातात पुस्तक द्या

चौथीपर्यंत जिल्हा परिषदेच्या शाळेत बहुधा एकच गुरुजी किंवा बाई दिवसभर वर्गावर असतात. कोण जोडाक्षराला अडखळतं, कोणाला भुताच्या गोष्टी लागतात, हे त्यांना पाठ असतं. पाचवीला मूल हायस्कूलात गेलं की तासागणिक शिक्षक बदलतात, तुकडी मोठी असते आणि गोष्टीची पुस्तकं कुलपाच्या कपाटात जातात. त्याच सुमाराला घरचेही 'आता येतंय वाचायला' म्हणून बाजूला होतात. शाळेचा आणि घरचा असे दोन्ही हात एकाच जूनमध्ये सुटतात. म्हणून पाचवीच्या शिक्षकांनी पालकांशी बोलायचं ते जूनमध्येच. 15 ऑक्टोबरच्या वाचन प्रेरणा दिनाची वाट पाहिली तर चार महिने गेलेले असतात, आणि चार महिन्यांत सवय मोडते.

पालकसभेवर भिस्त ठेवू नका. तिथे येतात ते ज्यांच्या घरी आधीच वाचन आहे असे पालक. पण दाखला जमा करायला घरातलं कोणी ना कोणी येतंच. त्या टेबलाशेजारी दुसरं टेबल मांडा. त्यावर वर्गाच्या पुस्तकपेटीतली 24 ते 48 पानांची, मोठ्या टाइपाची वीस-पंचवीस पुस्तकं एका वेळी आणि 'किशोर' या मुलांच्या मासिकाचे सुटे अंक ठेवा. निवड मुलालाच करू द्या. एखादं पान वाचायला सांगा. पानात पाचाहून जास्त शब्द अडले तर त्याहून सोपं पुस्तक द्या, मग ते तिसरीतल्या मुलाचं का असेना. पुस्तक मात्र पालकाच्या हातात द्यायचं आणि दोनच वाक्यं बोलायची: "ताई, रोज रात्री दहा मिनिटं हा गोष्टीचं पुस्तक वाचेल, तुम्ही ऐका. पुस्तक फाटलं तरी दंड नाही."

हे दुसरं वाक्य मुद्दाम बोलायचं. दंडाच्या भीतीने पुस्तक घरातल्या फळीवर चढतं आणि परत करायच्या दिवशीच खाली येतं. पहिल्या वाक्यात 'अवांतर वाचन' हा शब्द नाही, तोही विचार करूनच. अवांतर म्हटलं की ते अभ्यास उरकून वेळ उरला तर करायचं काम होतं. नुसतं 'मुलाला वाचायला बसवा' म्हटलं तर घरी पाठ्यपुस्तक उघडलं जातं. 'गोष्टीचं पुस्तक' म्हणा.

ज्या आईवडिलांना स्वतःला वाचता येत नाही, ते मान खाली घालून 'आम्हाला काय कळतंय' म्हणतात. त्यांना वेगळं थांबवून सांगावं लागतं की ऐकायला अक्षरओळख लागत नाही. भाकरी थापता थापता ऐकता येतं. मध्येच "मग पुढं काय झालं?" एवढं विचारलं तरी मूल पान उलटतं. उलट शिकलेल्या पालकांकडून एक चूक हमखास होते, ते प्रत्येक शब्दाला टोकतात आणि शेवटी तात्पर्य विचारतात. चार दिवसांत मूल पुस्तक लपवायला लागतं. अडलेला शब्द सांगून टाका आणि पुढे जाऊ द्या.

वाचल्याची रोज सही मागू नका. ती आठवड्याची एकदम होते, किंवा मूलच करतं. त्याऐवजी वर्गाच्या व्हॉट्सॲप गटावर आठवड्यातून एकदा पाच पालकांकडून मुलाच्या वाचनाचा मिनिटभराचा आवाज मागवा. साठाच्या तुकडीत बारा आठवड्यांत सगळ्यांची पाळी येते. ज्यांच्याकडे तसा फोन नाही त्यांच्या मुलाचं वाचन मधल्या सुट्टीत ऐका. कोणी पाठवलं नाही म्हणून गटावर नाव घेऊ नका, तो पालक पुन्हा बोलत नाही.

साठ मुलांना साठ पुस्तकं पुरत नाहीत. साठ घरी गेली की पेटी रिकामी, मग बदलायला आलेलं मूल कशातून निवडणार? निदान नव्वद हवीत, आणि बदलायचा वार ठरलेला हवा. शनिवारची सकाळची शाळा सोयीची, कारण लगेच रविवार मिळतो. 'किशोर' बालभारती 1971 पासून काढते आणि जुने अंक संकेतस्थळावर फुकट आहेत. त्यांतली एखादी गोष्ट छापून घ्या, पेटी तेवढीच भरते.

पालक हमखास भेटतात तो दुसरा दिवस प्रगतिपुस्तकाचा. दिवाळीच्या सुट्टीआधी ते घ्यायला येतील तेव्हा गुणांवर बोलण्याआधी मुलाला सुट्टीसाठी दोन पुस्तकं निवडू द्या, आणि ती पालकाच्याच पिशवीत टाका.