मिनी स्टेपरची निवड आणि त्यानंतरचे दहा आठवडे

पुण्यात जून उजाडला की माझा चढाचा सराव बुडतो. एरवी आठवड्यातून तीनदा पर्वतीच्या १०३ पायऱ्या दोन-तीन वेळा चढणे हा माझा नेम असतो, परंतु पावसात ओल्या दगडावर घाईघाईने उतरणे सत्तेचाळिसाव्या वर्षी परवडत नाही. ऑक्टोबरमध्ये कळसूबाईला जायचे ठरले होते, म्हणून या वर्षी घरात ठेवता येईल असा लहान स्टेपर, म्हणजे जागेवर उभे राहून पायऱ्या चढल्यासारखी पावले टाकण्याचे यंत्र, घेण्याचे मी ठरवले. ट्रेडमिलचा विचार जागेअभावी सुरुवातीलाच बाजूला पडला. (ट्रेडमिलवर निदान कपडे तरी वाळत घालता येतात, स्टेपरचा तोही उपयोग नाही, असे घरातील एका अनुभवी सदस्याचे मत पडले.)

मी पाहिलेली बहुतेक यंत्रे चार ते दहा हजार रुपयांच्या दरम्यानची होती आणि बाहेरून जवळजवळ सारखीच दिसत होती: दोन पेडल, त्यांच्याखाली दोन हायड्रॉलिक सिलिंडर, मध्ये एक पुली आणि तिच्यावरून दोन्ही पेडलना जोडणारी वायर. एक पेडल खाली गेले की वायरीच्या ओढीने दुसरे वर येते. सरळ वर-खाली होणाऱ्या प्रकाराखेरीज पेडल किंचित बाहेरच्या बाजूला वळत खाली जाणारा ट्विस्ट प्रकारही दुकानात होता. त्यावर दहा मिनिटे उभी राहिल्यावर माझ्या उजव्या गुडघ्याच्या आतल्या बाजूला ओढ जाणवू लागली, त्यामुळे कमरेसाठी तो कितीही चांगला असल्याचे विक्रेत्याने सांगितले तरी मी सरळ प्रकारावरच थांबले. वजनमर्यादेच्या बाबतीत मात्र थोडा हिशेब करावा लागला. माझे वजन ६२ किलो असले तरी पुढे पाठीवर ८ किलोची सॅक घेऊन सराव करायचा होता, म्हणजे यंत्रावरचा भार ७० किलो होणार होता. आणि लिहिलेल्या मर्यादेच्या अगदी जवळ रोज वापर करू नये असे माझे मत असल्याने १०० किलोच्या खालचे यंत्र मी विचारातच घेतले नाही.

खरेदीच्या वेळी सर्वाधिक गैरसमज मधल्या गोल खुंटीविषयी होतो. ती फिरवली की व्यायाम जड होतो असे सांगितले जाते, परंतु मी तपासलेल्या यंत्रांपैकी बहुतेकांमध्ये ती केवळ पेडलची उंची, म्हणजे एका पावलाचा पल्ला, कमी-जास्त करत होती. खरा विरोध सिलिंडरमधील तेलाचा असतो. पेडलवर भार पडला की दट्ट्या तेलाला एका बारीक छिद्रातून ढकलतो आणि तेल जितक्या सावकाश त्या छिद्रातून जाईल तितक्या सावकाश पेडल खाली जाते. वजन आपले ठरलेले असल्यामुळे जोर फारसा बदलत नाही. बदलतो तो खाली जाण्याचा वेग. म्हणून यंत्र पारखण्याची माझी पद्धत अगदी साधी आहे: एका पेडलवर पूर्ण वजन टाकून ते तळाला पोहोचेपर्यंत किती वेळ लागतो ते मोबाइलच्या चित्रीकरणावरून मोजायचे, मग दुसऱ्या बाजूने तेच करायचे, आणि पंधरा-वीस मिनिटे वापर झाल्यावर पुन्हा दोन्ही मोजायचे. दुकानात वीस मिनिटे यंत्र वापरू देत नसतील तर निदान थंड अवस्थेतील दोन्ही बाजूंचा वेळ तरी पाहून घ्यावा. जुने यंत्र घेत असाल तर दट्ट्याच्या दांड्यावर तेलाची ओल आहे का, हेही बोट फिरवून पाहावे.

पहिल्या आठवड्यात माझ्या यंत्राची मापे अशी आली: थंड असताना दोन्ही पेडल १.८ सेकंदांत खाली जात होते आणि २० मिनिटांनंतर १.१ सेकंदांत. हा दोष नसून तापलेले तेल पातळ होते त्याचा परिणाम आहे. जाहिरातीत पल्ला २० सेंटिमीटर लिहिला असला तरी भिंतीवर खडूने खुणा करून पाहिल्यावर माझे पाऊल प्रत्यक्षात ११ सेंटिमीटरच खाली-वर होत असल्याचे दिसले, कारण दमल्यावर पेडल तळाला टेकण्याआधीच आपण नकळत दुसऱ्या पायावर भार टाकतो. आता ६२ किलो वजन ११ सेंटिमीटर उचलण्यासाठी सुमारे ६७ ज्यूल लागतात आणि मी मिनिटाला ५६ पावले टाकत होते. म्हणजे त्या दोन लहानशा सिलिंडरांमध्ये मिळून सुमारे ६० वॅट सतत ओतले जात होते. जुन्या पद्धतीच्या ६० वॅटच्या बल्बला हात लावून पाहिलेल्यांना सिलिंडर का तापतात हे वेगळे सांगावे लागणार नाही. त्यामुळे सलग ४० मिनिटांचा व्यायाम या आकाराच्या यंत्रावर करू नये, असे मी आता ठामपणे म्हणेन. दुसऱ्या आठवड्यापासून मी सकाळी १५ आणि संध्याकाळी १५ मिनिटे अशी विभागणी केली, आणि दोन्ही वेळचा चढ सारखाच जड लागू लागला.

याच हिशेबाने यंत्राच्या लहानशा पडद्यावर दिसणाऱ्या कॅलरींचाही निकाल लागला. २० मिनिटांत १,१२० पावले झाली, म्हणजे यांत्रिक काम सुमारे ७५ किलोज्यूल, अर्थात १८ किलोकॅलरी. स्नायूंची कार्यक्षमता साधारण २० ते २५ टक्के धरली तर शरीराचा या कामासाठीचा खर्च ७२ ते ९० किलोकॅलरी होतो. पडदा मात्र १५१ दाखवत होता. त्या पडद्याने माझे वजन कधी विचारलेले नाही आणि पाऊल पूर्ण पडले की अर्धे हेही त्याला कळत नाही. तो केवळ पावले मोजून ठरावीक आकड्याने गुणतो. पावलांची मोजणी बरोबर असते, तेवढीच मी घेते आणि पल्ल्याने गुणून मीटर काढते. पहिल्या आठवड्यात दिवसाला १२३ मीटर चढ होत होता. बारी गावातून कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंच शिखरापर्यंतचा चढ साधारण साडेआठशे ते नऊशे मीटरचा आहे, म्हणजे एका शिखरासाठी मला सात दिवस लागत होते. वहीत कॅलरींऐवजी मीटर लिहायला लागल्यापासून सरावात गोडी वाटू लागली, हे मान्य करायला हवे.

प्रगती मोजण्यासाठी यंत्रावर अवलंबून राहायचे नसल्यामुळे मी दर रविवारी तीन मिनिटांची वायएमसीए स्टेप टेस्ट करत आले आहे. तिच्यासाठी १२ इंच, म्हणजे साधारण ३० सेंटिमीटर उंचीची पायरी लागते. आमच्या सोसायटीच्या बागेतील सिमेंटचा ओटा नेमका तेवढा आहे. मोबाइलवरचा मेट्रोनोम (ठरावीक गतीने ठोके देणारे साधन) मिनिटाला ९६ ठोक्यांवर लावायचा आणि एक पाय वर, दुसरा वर, पहिला खाली, दुसरा खाली या क्रमाने मिनिटाला २४ चढ-उतार करायचे. तीन मिनिटे संपताच खाली बसून पूर्ण एक मिनिट नाडी मोजायची. पहिल्या रविवारी माझी नाडी १२८ भरली, सहाव्या रविवारी ११७ आणि दहाव्या रविवारी १०९. चौथ्या आठवड्यात ती उलट १३१ झाली होती. त्या दिवशी मला सर्दी होती आणि झोपही झाली नव्हती, त्यामुळे तो आकडा खोडून न टाकता त्याच्यापुढे तसे लिहून ठेवले आहे.

पाचव्या आठवड्यात करकर सुरू झाली. खालच्या मजल्यावरील आजींनी जिन्यात भेटल्यावर, ‘तुमच्याकडे सकाळी पाळणा हलतो का?’ असे विचारले तेव्हा विषय गंभीर झाला. आवाज सिलिंडरचा नसून पेडलच्या सांध्यातील बुशचा, म्हणजे बोल्टभोवती बसवलेल्या नळीसारख्या भागाचा, होता. बोल्ट सैल करून, जुनी घाण पुसून, थोडे ग्रीस लावल्यावर तो थांबला. बोल्ट परत आवळताना पाना बेताने फिरवावा लागतो, कारण जास्त आवळला की पेडल अडखळत चालते. फरशीसाठी मी योगासनांची चटई वापरून पाहिली, पण यंत्राचे पाय तिच्यात रुतून यंत्र डुलू लागले. आता खाली जाड रबराची चटई आहे आणि तिच्यावर यंत्र पक्के बसते. सॅक मी सातव्या आठवड्यापासून घेऊ लागले. सॅकसह पेडल अर्थातच लवकर खाली जाते, त्यामुळे पावलांची गती वाढू न देण्यासाठी पहिले काही दिवस मेट्रोनोमचा आधार घ्यावा लागला.

स्टेपरची एक मोठी उणीव येथे नोंदवणे आवश्यक वाटते. चढासाठी लागणारे मांडीचे आणि पोटरीचे काम त्यावर होते, परंतु उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असताना शरीराचा भार तोलतात, तो सराव यंत्रावर जवळजवळ होतच नाही, कारण उतरण्याचे काम तेल करून टाकते. गड उतरल्यावर दुसऱ्या दिवशी जिना उतरताना रडवणारे दुखणे याच कामाचे असते. त्यासाठी मी आठवड्यातून दोनदा लिफ्टने अकराव्या मजल्यावर जाते आणि सॅकसह चालत खाली येते. लिफ्टमध्ये भेटणाऱ्यांना हा प्रकार उलटा वाटतो, पण दोन फेऱ्यांनंतर मांड्यांना त्याचे कारण नीट कळते.

दहाव्या आठवड्याअखेर पल्ला ११ वरून १४ सेंटिमीटरवर आला आहे, पावले मिनिटाला ५४ आहेत, आणि दोन सत्रांत मिळून १,६२० पावले, म्हणजे दिवसाला सुमारे २२७ मीटर चढ होतो. कळसूबाईचे शिखर आता चार दिवसांत गाठले जाते. मात्र गेल्या रविवारच्या मापात डावे पेडल थंड असतानाच १.५ सेकंदांत खाली गेले आणि उजवे पूर्वीप्रमाणे १.८ सेकंदांत. दांड्यावर तेलाची ओल दिसत नाही. दोन्ही सिलिंडर सारखेच असल्यामुळे मी त्यांची अदलाबदल करून ठेवली आहे. येत्या रविवारी जलद बाजू उजवीकडे सरकलेली दिसली तर सिलिंडरची जोडी मागवेन, आणि ती डावीकडेच राहिली तर पुली उघडून वायर पाहावी लागेल.