तुम्ही विचारलंत म्हणून: गेट करणारा फॅब्रिकेटर असताना शिल्पकार कशाला?

नवी मुंबईत एखाद्या नव्या टॉवरच्या दारात स्टीलचे चौकोनी डबे एकमेकांवर तिरके ठेवलेलं शिल्प उभं राहिलं की कमिटीवाल्यांचा प्रश्न ठरलेला असतो. ‘रबाळ्यात, वागळे इस्टेटमध्ये एवढे फॅब्रिकेटर आहेत. आमचं गेट ज्यानं केलं तोच हे डबे जोडून देईल की! किलोचा भाव लावा आणि मोकळे व्हा. शिल्पकार हवा कशाला?’

जोडून देईल, यात वाद नाही. अशा शिल्पांचं नाव निघालं की ज्याची आठवण आधी होते तो शिल्पकार डेव्हिड स्मिथ स्वतः कारखान्यातून आलेला माणूस. जन्म १९०६, अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातला. १९२५ च्या उन्हाळ्यात तो साउथ बेंडच्या स्टुडबेकर मोटार कारखान्यात कामाला होता. मग न्यूयॉर्कला जाऊन चित्रकला शिकला. पिकासो आणि स्पॅनिश शिल्पकार गोन्झालेस यांची लोखंडी शिल्पं त्यानं एका मासिकात छापलेली पाहिली आणि कारखान्यात हाताला लागलेलं काम इथेही चालतं हे त्याला उमगलं. ब्रुकलिनच्या धक्क्यावर टर्मिनल आयर्न वर्क्स नावाचं एक वर्कशॉप होतं, तिथे तो जागा घेऊन काम करू लागला. पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या बोल्टन लँडिंग गावाच्या डोंगरात स्वतःचं वर्कशॉप बांधलं, त्यालाही त्यानं हेच नाव ठेवलं. दुसऱ्या महायुद्धात स्केनेक्टडीच्या कारखान्यात रेल्वे इंजिनं आणि रणगाडे वेल्ड केले. हे कलेसाठी नव्हे, पगारासाठी. शिकवण्याच्या नोकऱ्याही केल्या. १९६२ साली इटलीत व्होल्त्री इथल्या बंद कारखान्यात तिथल्याच भंगारातून ३० दिवसांत २७ शिल्पं उभी केली. १९६५ मध्ये ट्रकच्या अपघातात गेला, तोवर अशाच डब्यांच्या ‘क्युबी’ मालिकेतली २८ स्टेनलेस स्टीलची शिल्पं झाली होती. त्यातलं शेवटचं २००५ च्या लिलावात २ कोटी ३८ लाख डॉलरला गेलं. किलोचा भाव काढून पाहायचा तर पाहा.

धातूच्या भावानं शिल्प मोजायचा प्रयत्न सरकारनंही करून झालाय. १९२६ मध्ये शिल्पकार ब्रांकुशीचं युरोपातून आलेलं काशाचं ‘बर्ड इन स्पेस’ न्यूयॉर्कच्या कस्टम्सनं कलाकृती नव्हे, धातूची वस्तू ठरवून त्यावर ४० टक्के जकात लावली. कोर्टात ती टिकली नाही, पण निकाल लागायला १९२८ उजाडलं.

आता फरक नेमका कुठे पडतो ते पाहू. ६० × ६० × ९० सेंटिमीटरचा एक डबा घ्या, ३ मिलिमीटर जाडीच्या ३०४ (स्टेनलेस स्टीलचा नेहमीचा प्रकार) पत्र्याचा. आठ बाय चार फुटांच्या एका शीटमध्ये तो बरोबर बसतो: ६० सेंटिमीटर रुंदीच्या दोन पट्ट्या काढायच्या, प्रत्येकीतून ९०, ९० आणि ६० चे तुकडे. वजन साधारण ६९ किलो. कळंबोलीच्या लोखंड बाजारातून शीट आणा, लेझरवर कापून घ्या, इथवर कोणीही करेल.

गडबड वेल्डिंगला सुरू होते. साध्या लोखंडापेक्षा स्टेनलेस तापल्यावर जवळपास दीडपट पसरतं आणि उष्णता मात्र फार हळू सोडतं. एका कडेवर सलग आर्गन वेल्डिंग मारत गेलात की समोरच्या सपाट बाजूचं पोट सुटतं. ते ठोकून परत सपाट होत नाही. म्हणून आधी दर ५ सेंटिमीटरला टॅक, म्हणजे वेल्डिंगचा तात्पुरता ठिपका, मग समोरासमोरच्या कडांवर तुकड्यातुकड्यानं वेल्डिंग, मागून तांब्याची पट्टी धरून. आतून पट्टी जोडून पत्रा ताठ करायला गेलात तर तिच्या वेल्डिंगची रेघ बाहेरून उमटते आणि संध्याकाळच्या तिरक्या उन्हात ती लांबून दिसते. गेटमध्ये असलं काही कोणी बघत नाही.

त्याहून मोठी अडचण जोडणीची. असे डबे पुष्कळदा नुसत्या कडेवर किंवा कोपऱ्यावर टेकलेले असतात. बाहेरून दिसणारी बारीक वेल्डिंग त्यांचं वजन पेलते असं वाटतं. वाऱ्यानं डबा थरथरत राहिला की तीच वेल्डिंग आधी तडकते. भार घ्यायला आतून पाइप किंवा जाड प्लेट एका डब्यातून दुसऱ्यात जावी लागते आणि ती डब्याची शेवटची बाजू बंद करण्याआधीच बसवावी लागते. म्हणजे कुठला डबा कुठे, किती कलता, हे डबे बंद व्हायच्या आधी ठरलेलं हवं. स्मिथ पुठ्ठ्याचे खोके एकमेकांवर रचून मांडणी बघायचा, ते याचसाठी उपयोगी. फॅब्रिकेटर बहुधा सगळे डबे सुरेख बंद करतो आणि मग विचारतो, ‘साहेब, कसे जोडायचे?’

माझ्या मते शिल्पकाराला स्वतः वेल्डिंग आलंच पाहिजे असं नाही. पण टॅक मारायच्या दिवशी तो वर्कशॉपमध्ये हजर पाहिजे. टॅक ग्राइंडरनं तोडता येतात, डबा दोन अंश फिरवता येतो. पूर्ण वेल्डिंग झाल्यावर काही होत नाही. ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर पाठवून उद्घाटनालाच उगवणारा शिल्पकार असेल तर कमिटीची तक्रार रास्त आहे.

गंजाचं म्हणाल तर ‘स्टेनलेस गंजत नाही’ हे ठाण्याच्या खाडीकाठी खरं नाही. खारट हवेत ३०४ वर तपकिरी डाग पडतात. खाडीजवळ ३१६ प्रकारचं स्टेनलेस घ्या, त्यात २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं. फिनिशही महत्त्वाचं. स्मिथ ग्राइंडरनं पृष्ठभागावर वेडेवाकडे ओरखडे काढायचा, त्यावर ऊन खेळतं. त्याचं बोल्टन लँडिंग समुद्रापासून लांब होतं. इथे त्याच ओरखड्यांत मीठ साचतं, म्हणून खाडीकाठी बारीक फिनिशच बरं. डाग वरच्या बाजूला कमी, खालच्या बाजूला जास्त दिसतील, कारण वरची बाजू पावसात धुऊन निघते.

साध्या लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती स्टेनलेसला लावली तर लोखंडाचे कण रुततात आणि पहिल्या पावसात गंज वर येतो. दोष स्टीलला जातो. वेल्डिंगचा निळा-काळा रंग पिकलिंग पेस्ट लावून काढावा लागतो. त्यात हायड्रोफ्लोरिक ॲसिड असतं, तेव्हा हातमोजे, चष्मा आणि भरपूर पाणी याशिवाय हेल्परच्या हाती ती देऊ नका. डब्याच्या तळाला ८-१० मिलिमीटरचं भोक ठेवा. ते नसेल तर शेवटचा जोड भरताना आतली तापलेली हवा वितळलेला धातू उडवते.

पायाबद्दल थोडक्यात: भारतीय मानकानुसार मुंबईसाठी वाऱ्याचा मूळ वेग सेकंदाला ४४ मीटर धरतात. म्हणजे समोरच्या प्रत्येक चौरस मीटरवर सुमारे ११८ किलोचा रेटा, आणि आकाराचा गुणक त्यावर वेगळा. स्ट्रक्चरल इंजिनिअरची सही घ्या. बेस प्लेट चार अँकर फास्टनरनं पेव्हर ब्लॉकवर टेकवलेली चालणार नाही.

कोटेशन मागताना तीन आकडे वेगळे मागा: माल किलोनं, मजुरी कामानुसार आणि शिल्पकाराचं मानधन स्वतंत्र. शिवाय त्याच पत्र्याचा, त्याच फिनिशचा १५ सेंटिमीटरचा तुकडा शिल्पकाराच्या सहीनं सोसायटीच्या कपाटात ठेवा. स्मिथ गेल्यावर त्याच्या मालमत्तेची व्यवस्था पाहणाऱ्यांच्या काळात काही शिल्पांवरचा रंग काढून टाकला गेला आणि १९७४ मध्ये त्यावरून मोठा गदारोळ झाला. तुमच्याकडे एवढं काही होणार नाही. पण पुढच्या कमिटीला दिवाळीच्या रंगकामात सिल्व्हर पेंट उरला की तो शिल्पावर मारावासा वाटतो, तेव्हा तो तुकडा दाखवा. धुणं पावसाळा संपल्यापासून मे अखेरपर्यंत महिन्यातून एकदा, साधं पाणी आणि सौम्य साबण. वॉचमनला तारेचा काथ्या देऊ नका.