तुम्ही विचारलंत म्हणून: ‘ओके’चा फुल फॉर्म

क्लासच्या जिन्यात, लग्नाच्या पंगतीत, एकदा तर दातांच्या डॉक्टरांनी माझ्या तोंडात नळी असताना विचारलं: ‘सर, तुम्ही इंग्रजी शिकवता ना, मग ओकेचा फुल फॉर्म काय हो?’ उत्तर त्यांच्याकडे तयारच असतं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, लढाईत कुणी मेलं नाही की ‘0 K’, म्हणजे ‘झिरो किल्ड’ची पाटी लावत, तेच ते.

अहो, ते यादवी युद्ध पेटलं १८६१ मध्ये. ‘ओके’ त्याआधी २२ वर्षं छापून आलंय, २३ मार्च १८३९ च्या ‘बॉस्टन मॉर्निंग पोस्ट’मध्ये. तिकडच्या वर्तमानपत्रवाल्यांना तेव्हा मुद्दाम अशुद्ध लिहून त्याची आद्याक्षरं छापायचं खूळ लागलं होतं. ‘ऑल करेक्ट’मधला ‘ऑल’ ओनं, ‘करेक्ट’ केनं. तसंच ‘ऑल राइट’चं ओडब्ल्यू. ते गेलं. ओके तगलं, कारण १८४० च्या अमेरिकी राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत किंडरहूक गावचे मार्टिन व्हॅन ब्युरेन उभे होते. ‘ओल्ड किंडरहूक’ म्हणून समर्थकांनी ओके क्लब काढले. ते पडले ती गोष्ट वेगळी. अ‍ॅलन वॉकर रीड नावाच्या प्राध्यापकांनी जुने अंक उपसून हे सगळं १९६३-६४ मध्ये मांडलं.

हे मी वर्गात रंगवून सांगायचो. मग तालुक्याला एक प्रश्नमंजूषा झाली. मी परीक्षकांच्या खुर्चीत, समोर माझीच एक विद्यार्थिनी. प्रश्न हाच. ती उभी राहून म्हणाली, ‘खरा फुल फॉर्म नाहीये, ती चेष्टा होती.’ पाठची पोरं हसली. निवेदकानं कार्ड उलटून पाहिलं: ‘झिरो किल्ड’. शून्य गुण. मी हात वर केला, उठून बोललोही. आयोजक कानाशी येऊन म्हणाले, ‘सर, पुस्तकात छापलंय, आता बक्षीस समारंभाला उशीर नको.’ मी बसलो. ती उभीच होती, माझ्याकडे बघत. कुणी ‘बस’ म्हणालं नाही, म्हणून.

बाहेर पाणपोईपाशी तिनं विचारलं, ‘सर, स्पर्धा परीक्षेत आलं तर काय लिहू?’

मी म्हणालो, ‘आन्सर कीमध्ये असेल ते.’

मग काय सांगायला हवं होतं? तिला पोस्ट काढायची होती, घरी दोन एकर कोरडवाहू. बॉस्टनच्या इमानापायी तिनं मार्क घालवायचे? पण रीडसाहेबांचं नाव घेऊन महिनोन्‌महिने मिरवणारा मीच ना? ‘पुरावा बघा, पुस्तकावर जाऊ नका’ हेही माझंच वाक्य. दोन्ही बाजू मला पाठ आहेत, आणि ज्या दिवशी जी बाजू मांडतो ती त्या दिवशी पटते.

तर विचारलंतच म्हणून सांगतो. नुसतं कुतूहल असेल तर हे वर लिहिलंय ते. परीक्षा द्यायची असेल तर मला विचारू नका, दुसऱ्या सरांना विचारा.