दोन भाषा शिकणारं मूल खरंच "स्लो" असतं का?

दोन भाषांत वाचायला शिकणाऱ्या मुलांबद्दल "याला शब्द पटकन सुचतच नाहीत" असं लोक इतक्या सहज बोलून मोकळे होतात की मला खरंच वाईट वाटतं, कारण बहुतेक वेळा एकाच भाषेत विचारून हा निकाल लावलेला असतो.

ओळखीच्या गोष्टींची नावं मुलाला किती पटकन सुचतात, हा वेग मोजायची एक साधी टेस्ट आहे, डेन्क्ला आणि रुडेल या संशोधकांनी १९७४ मध्ये मांडलेली. एका कागदावर ५० खुणा, म्हणजे ५ ओळी आणि प्रत्येकीत १०, पण मुळात ५ च गोष्टी उलटसुलट क्रमाने, कधी रंग, कधी वस्तू, कधी अंक, कधी अक्षरं. मुलाने न थांबता नावं सांगत जायचं, आपण सेकंद मोजायचे. नीट बघितलं तर कळतं की तोंडात एक नाव असतं तोवर नजर पुढच्या खुणेवर गेलेली असते. वाचतानाही हेच होतं ना, म्हणून तर या वेगावरून पुढे मूल किती सफाईने वाचेल याचा बऱ्यापैकी अंदाज येतो.

शाळेत जायच्या आधी रंग-वस्तू बऱ्या जमतात, मग अंक-अक्षरं रोज डोळ्यांखालून जायला लागली की ती पुढे निघून जातात, आणि वेग सगळ्यात जास्त वाढतो तो शाळेच्या पहिल्या काही वर्षांत. दोन भाषा असल्या की गंमत अशी की आकडे ज्या भाषेत शिकवले त्या भाषेत ते झरझर येतात आणि घरातल्या वस्तूंची नावं मात्र घरच्या भाषेत. यात काळजी करण्यासारखं काहीच नाही, जी भाषा जास्त कानावर पडते तिचा तेवढा सराव होतो, बस.

आणि दोन भाषांमधले सेकंद समोरासमोर ठेवून तुलना तर करूच नका, एका भाषेतली नावं लांबलचक असली की वेळ जास्त लागणारच.

नाव माहीतच नसणं वेगळं आणि माहीत असून वेळ लागणं वेगळं, म्हणून आधी सुट्टं सुट्टं विचारून बघा की पाचही नावं येतात का. येत असूनही दोन्ही भाषांत, अंक-अक्षरांनासुद्धा मूल अडखळत असेल तर मात्र वाट बघत बसू नका, जाणकाराला दाखवा, आणि दोन्ही भाषांत तपासा असं आवर्जून सांगा.