एका रेघेचं राज्य

'दहाच्या अक्षरावर एक रेघ ओढली आणि गादी लाटली.' चीनच्या योंगझेंग सम्राटाबद्दलचं हे वाक्य आज पुन्हा कानावर आलं. दिवसभर खटकतंय.

कथा अशी: 1722 मध्ये कांगशी सम्राट वारला. गादी होती चौदाव्या मुलाला. चिनीत चौदा म्हणजे 'दहा-चार', आणि 'ला' हा शब्द आधी येतो. चौथ्याने, म्हणजे योंगझेंगने, 'दहा'च्या चिन्हाला वर आडवी रेघ आणि खाली हुकासारखा बाक जोडून त्याचं 'ला' केलं. 'चौदाव्या मुलाला'चं झालं 'चौथ्या मुलाला'!

कागदावर करून बघा, बसत नाही. दरबारी लिखाणात 'सम्राटांचा चौदावा मुलगा' असं लिहीत. तिथे ही करामत केली की 'सम्राटांचा ला चौथा मुलगा' असं काहीतरी उरतं. शिवाय दरबारी कागदांत त्या 'ला'साठी वेगळं, बऱ्याच रेघांचं अक्षर चाले.

आणि मांचू भाषेचं काय? घराणंच मांचू, असे दस्तऐवज त्या लिपीतही निघत. तिथे चौथा म्हणजे 'दुइची', चौदावा 'जुवान दुइची'. एक अख्खा शब्द खरवडावा लागेल.

गादी निर्वेध मिळाली असं मी म्हणत नाही. भावांना त्याने कैदेत टाकलंच. पण ही रेघ नाही.

1723 मध्ये त्याने वारसाचं नाव लिहून पेटीत बंद केलं आणि ती पेटी छ्यानछिंग महालातल्या फलकामागे ठेवली. दुसरी प्रत स्वतःजवळ. 1735 मध्ये तो गेल्यावर नाव निघालं त्याच्या मुलाचं, होंगलीचं, म्हणजेच पुढचा छ्यानलोंग सम्राट. त्याच्यानंतरचे तीन सम्राटही याच पद्धतीने ठरले.

रेघेची गोष्ट मात्र अजून सांगितली जाते. तुम्ही कुठे ऐकली होती?