आज राजवाडा बंद आहे, मॅडम

बँकॉकला निघण्याआधी महिनाभर मी तिथल्या फसवणुकीचे किस्से वाचत होते. आईला तोंडपाठ होईपर्यंत वाचूनही दाखवले होते. त्यामुळे चाओ फ्राया नदीतल्या नारिंगी झेंड्याच्या बोटीतून (तिकीट 16 बाट, आईच्या मते फुकटच) था चांग धक्क्यावर उतरलो तेव्हा मी अगदी सावध होते. आणि तरीही पुढच्या दहा मिनिटांत माझा एक पाय टुकटुकमध्ये, म्हणजे तिथल्या रिक्षेत होता.

त्याचं काय झालं, मला अपेक्षित होता लफंगा. समोर आले ते एखाद्या शाळेचे मुख्याध्यापक शोभावेत असे गृहस्थ. पांढरा इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ओळखपत्र, हातात लॅमिनेट केलेला नकाशा. राजवाड्याची, म्हणजे ग्रँड पॅलेसची पांढरी भिंत समोर दिसत होती आणि हे अदबीने सांगत होते, "आज बौद्ध सण आहे मॅडम. सकाळी फक्त थाई लोकांना प्रवेश. तुमच्यासाठी एक वाजता उघडेल." मग खिशातून पेन काढून नकाशावर गोल. इथे उभा बुद्ध, इथे लकी बुद्ध, तो फक्त आजच बघता येतो. तिसरा गोल जरा घाईत काढला. ते म्हणे सरकारी रत्नकेंद्र, आज सवलतीचा शेवटचा दिवस. तासभर फिरवायचे टुकटुकवाला फक्त 20 बाट घेईल. टुकटुक योगायोगाने शेजारीच उभी होती.

वाचलेलं सगळं जसंच्या तसं घडत होतं, तरी माझ्या मनात येत होतं, पण आज खरंच सण असला तर? उन्हात उभं राहून, समोरचा माणूस इतकं गोड बोलत असताना, वाचलेलं आठवायला वेळ लागतो हो.

आई दादरच्या मंडईत मुरलेली. ती त्यांच्याकडे बघतच नव्हती, भिंतीकडे बघत होती. "अगं, बंद आहे तर ती छत्रीवाली बाई एवढ्या गोऱ्यांना घेऊन कुठे चाललीय?"

मी पाय मागे घेतला. गृहस्थांनी नकाशाची घडी घातली आणि तितक्याच अदबीने आमच्यामागच्या जोडप्याला नमस्कार केला.

20 बाटांत त्या टुकटुकचं इंधनही सुटत नाही. रत्नांचा दुकानदार चालकाला इंधनाची कुपनं देतो, वर विक्रीवर कमिशन. गिऱ्हाइकाला सांगतात, हे नीलम मायदेशी दुप्पट भावाने विकता येतील. म्हणजे आपण फसतो ते आपल्याच हावेपोटी. टॅक्सीवाले त्या मानाने बाळबोध. मीटर 35 बाटांपासून सुरू होतो, पण पर्यटक दिसला की ते थेट 300 म्हणतात. दार बंद करून पुढची टॅक्सी बघायची, संपलं.

राजवाडा अर्थातच उघडा होता. माणशी 500 बाट. आत वाट फ्रा केवमधला (वाट म्हणजे थाई भाषेत मंदिर) पाचूचा बुद्ध खरं तर जेडचा, जेमतेम 66 सेंटिमीटर उंच. ऋतू बदलला की राजा स्वतः त्याची वस्त्रं बदलतो. पण आई रमली ती भोवतालच्या ओवऱ्यांत. तिथे भिंतीवर 178 चित्रांत अख्खं रामायण आहे, थाई रामायण, रामकियन. पांढराशुभ्र हनुमान आईने लांबूनच ओळखला आणि हात जोडले. सेतूच्या प्रसंगाशी मी तिला सांगितलं की इथला हनुमान रावणाच्या मुलीच्या, एका मत्स्यकन्येच्या प्रेमात पडतो, त्यांना मुलगाही होतो. दर शनिवारी मारुतीला तेल घालणारी आई क्षणभर गप्प. "काहीतरीच! हे पण त्या टुकटुकवाल्यानंच सांगितलं का तुला?"

दुपारी वाट फो. 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध डोळ्यांत मावत नाही, तो तुकड्यातुकड्यानेच दिसतो, खांबांमधून आधी खांदा, मग कोपर, शेवटी शिंपल्याचं जडावकाम केलेले तळवे. पाठीमागे 108 काशाची वाडगी ओळीने मांडलेली. 20 बाट देऊन चिल्लर घ्यायची आणि एकेका वाडग्यात एकेक नाणं टाकत जायचं. टण्, टण्, टण्. आईची नाणी नव्वदाव्या वाडग्यालाच संपली. "मोजून कमी दिलीत," ती म्हणाली. सकाळपासून तिचा संशय चांगलाच तापला होता.

त्याच तापात आम्ही था तियन धक्क्यावर पोचलो. पलीकडच्या काठावर वाट अरुण, 5 बाटांत होडी नेते. रांगेत उभ्या होतो तर एक म्हातारे आजोबा हात हलवत जवळ आले. "वाट अरुण? नो, नो. देअर."

"त्याच्याकडे बघू नकोस, सरळ चल," आई पुटपुटली. मी मानही वळवली नाही.

बोट आली, आम्ही चढलो, आणि ती पलीकडे न जाता नदीच्या मधून सरळ वर निघाली. चिनी मातीच्या तुकड्यांनी मढवलेलं वाट अरुणचं शिखर डावीकडून मागे मागे जात राहिलं. पलीकडे नेणारी होडी शेजारच्याच फलाटावरून सुटत होती, आजोबांनी दाखवलेल्या.

पुढचा धक्का था चांग. उतरून, आलोच आहोत तर म्हणून, राजवाड्यापर्यंत चालत गेलो. चार वाजून गेले होते. तिकीटविक्री साडेतीनलाच थांबते. आता राजवाडा खरोखरच बंद होता आणि तसं सांगायला तिथे कुणीही उभं नव्हतं.